चष्म्याच्या मशीनमध्ये धुतलेली बंदूक

आमच्या आबांची बंदूक मी चष्मे धुण्याच्या मशीनमध्ये धुतली. धारूरच्या बाजारात माझी ओळख करून द्यायला आता एवढं एक वाक्य पुरतं. पंधरा वर्षं मी इथं चष्म्याचं दुकान चालवतो, अर्ध्या तालुक्याच्या म्हाताऱ्या माझ्यामुळे पुन्हा सुईत दोरा ओवायला लागल्या, पण ते कुणाच्या लक्षात नाही. "बंदूक धुणारा चष्मेवाला कुठं बसतो?" असं विचारून बघा, शेंबडं पोरगंसुद्धा बोट दाखवील!

मशीन म्हणजे जेवणाच्या डब्याएवढी स्टीलची टाकी. अल्ट्रासोनिक क्लीनर म्हणतात त्याला. पाणी घालायचं, साबणाचे चार थेंब टाकायचे, चष्मा बुडवायचा आणि बटण दाबायचं. मशीन गुणगुणायला लागतं, पाण्यात बारीक थरथर सुरू होते, आणि काचेच्या कडेला, स्क्रूच्या बुडाशी वर्षानुवर्षं बसलेला घाम, तेल, पावडर सगळं ढगासारखं वर येतं. (गिऱ्हाईक तो ढग बघतं आणि म्हणतं, "ह्यो मळ माझा न्हाई.")

आबांना हे मशीन म्हणजे मुलगा वाया गेल्याचा पुरावा वाटायचं. गावात चारचौघांत म्हणायचे, "बाप बंदूक बाळगतू, आन् ल्योक लोकांच्या नाकावरचा मळ काढतू." चारचौघं हसायची. मीही हसायचो. बाप आपल्यावर विनोद करतो तेव्हा दुसरं करण्यासारखं काही नसतं.

बंदूक एकनळी, बारा बोअरची. परवाना रानडुकरांपासून पिकाची राखण करण्यासाठी काढलेला होता. डुकरांना ते कुणी कळवलं नव्हतं. बंदुकीचं खरं काम लग्नसराईत. आबा खांद्यावर बंदूक टाकून मांडवात शिरले की पाहुणे उठून पुढची खुर्ची द्यायचे. त्यांच्या मागून मी शिरलो की माझ्या हातात वरणाची बादली द्यायचे. निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करावी लागे, आणि ती परत येईपर्यंत आबा सुतक असल्यासारखे दाढी वाढवून ओसरीवर बसत.

शेजारचे कधी म्हणायचे, "आबा, डुकरांनी भुईमूग लोळवला बगा. एक बार काढा की!" आबा म्हणायचे, "बार काढला तर तुझी म्हैस गाभडंल, ते चालंल का?" म्हैस नसलेला शेजारी आला तर त्याच्या गरोदर सुनेचं निमित्त काढायचे. थोडक्यात, बार काही निघायचा नाही.

आता बांधाचं सांगायला हवं. बारा वर्षांपूर्वी आबांच्या धाकट्या भावानं, म्हणजे आमच्या तात्यांनी, नांगरताना तीन हात बांध कोरला. महिनाभर आमच्या घरात शिव्यांशिवाय घास गिळला गेला नाही. रोज सकाळी आबा उठायचे, "आज त्याला ठेवतच न्हाई" म्हणायचे आणि भिंतीवरच्या बंदुकीला हात घालायचे. आई रोज आडवी व्हायची. आणि मग एका दुपारी आबा रानातून आले, हातपाय धुतले, पानावर बसले आणि म्हणाले, "तीन हातानं काय होतंय? खाऊ द्या त्याला." गाव चाट पडलं! सप्त्यात महाराजांनी भाऊबंदकी कशी सोडावी म्हणून आबांचा दाखला दिला. (घरात आमचं मत असं, की त्यांना ऊन लागलं असावं.)

त्याच वर्षीपासून आबांचं दसऱ्याचं शस्त्रपूजन हाताबाहेर गेलं. लोक हत्याराला हळदीकुंकवाचं एक बोट लावतात. आबा नुसते लावायचे नाहीत, लिंपायचे! वर खोबरेल तेल, अक्षता, झेंडूच्या पाकळ्या, आणि पुसायचं मात्र नाही. बारा दसऱ्यांचा हा मुक्काम बंदुकीच्या फटीफटीत बसला. घोडा हलेना, चाप दबेना. हत्यार कसलं, शेंदूर लावलेला म्हसोबाच तो!

यंदा वरून हुकूम आला, जुने परवाने तपासायचे. ज्यानं त्यानं हत्यार घेऊन ठाण्यात हजर व्हायचं आणि ते चालतं हे दाखवायचं. नाहीतर परवाना रद्द. आमची पाळी बुधवारी होती. सोमवारी आबा गप्प होते. मंगळवारी सकाळी मी मोटारसायकलला किक मारतोय तोवर ते चादरीत गुंडाळलेली बंदूक घेऊन मागं येऊन बसले.

"कुठं, आबा?"

"तुझ्या दुकानात. तुझ्या त्या मशीनची लई तारीफ करत आसतूस न्हवं? घाल हिला त्याच्यात."

खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बेचाळिसाव्या वर्षी बाप पहिल्यांदा माझ्या धंद्याकडे काम घेऊन आला होता! घाट चढेपर्यंत मी गाडी इतकी हळू चालवली की एक ट्रॅक्टर आम्हाला मागं टाकून गेला.

दुकानात एक निवृत्त गुरुजी आधीच येऊन बसलेले. आठ दिवसांपासून ते "नंबर चुकलाय" म्हणून रोज भांडायला येत. "हे बघ, मला फळ्यावरचं सोड, ताटातलं दिसत न्हाई," असं त्यांनी सुरू केलं, एवढ्यात आबांनी चादर सोडली आणि बंदूक काउंटरवर ठेवली. नळीचं तोंड नेमकं गुरुजींकडे.

"दिसतंय!" गुरुजी उठत म्हणाले. "लई बेस दिसतंय! पार अंबाजोगाई दिसतीय!" ते गेले ते गेलेच. त्यांचा चष्मा बरोबर होता की नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

बंदूक रिकामी असल्याची तीनदा खात्री करून मी कामाला लागलो. अख्खी बंदूक मशीनमध्ये मावणार नव्हतीच. (आबांनी नळी एका टोकानं बुडवून बघितली, टाकी कलंडून पाणी त्यांच्या धोतरावर गेलं आणि खापर माझ्यावर.) मग मी चष्म्याचे बारीक पेचकस काढले, फोनवर कुणा गोऱ्या माणसाचा व्हिडिओ लावला आणि दस्ता, घोडा, चाप, स्प्रिंगा, स्क्रू असे एकेक भाग सोडवले. म्हणजे कुंकवाच्या खडकातून खणून काढले म्हणा. घोड्याखालचा तुकडा तर नुसता लाल गोळाच होता. आबा खुर्चीवर पाय वर घेऊन बसले होते आणि एकही सूचना देत नव्हते. बापानं सूचना दिली नाही तेव्हाच माझ्या मनात शंका यायला हवी होती.

बटण दाबलं. मशीन गुणगुणलं आणि पाणी लाल झालं! एका मिनिटात टाकीत असं काही दिसायला लागलं की नातवाचा चष्मा न्यायला आलेली एक म्हातारी दारातच किंचाळली, "आगं माय! रगात!"

"मावशे, कुंकू हाय ते."

"एवढं कुंकू? कुनाचं पुसलंस, मुडद्या?"

मी पाणी दारासमोरच्या गटारात ओतलं. दुसऱ्यांदा भरलं, ते केशरी झालं, ओतलं. तिसऱ्यांदा भरलं, त्यात अक्षता तरंगल्या, तेही ओतलं. चौथ्या पाण्याला मात्र भाग असे चमकले की मी एकेक उचलून आबांना दाखवायला लागलो. "बघा आबा, ह्याच्यावर नक्षी होती! बारा वर्षांत कुणी बघितली न्हाई!"

आबा "हं" म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं कौतुक मी दहावी पास झालो तेव्हाही ऐकलं नव्हतं.

मग जोडणी. व्हिडिओतला माणूस एक बोटभर पिन हातात धरून काहीतरी सांगत होता. इंग्रजी कळलं नाही, पण काम कळलं: चाप ओढला की घोडा पडतो, घोडा त्या पिनेवर आपटतो, पिन काडतुसाच्या बुडाला टोचते, आणि बार उडतो. पिन नसेल तर बंदूक म्हणजे दांडकं. मी माझ्या भागांकडे बघितलं. घोडा होता. चाप होता. पिनेचं भोक होतं, आणि ते इतकं स्वच्छ झालं होतं की त्यातून मला समोरचं एसटी स्टँड दिसत होतं.

पिन नव्हती.

मी टाकीत हात घातला. काउंटरखाली बघितलं. चादर झटकली. मग माझं लक्ष गटाराकडे गेलं. तीन टाक्या पाणी मी त्यात ओतलं होतं!

"आबा," मी म्हणालो, "पिन... पान्यासंगं गेली बहुतेक."

मला वाटलं, आता दस्ताच डोक्यात बसतो. आबा शांतपणे म्हणाले, "गेली? मग शोध."

पुढचे दोन तास मी धारूरच्या भर बाजारात गटारात गुडघे टेकून होतो. जुन्या स्पीकरचा लोहचुंबक दोरीला बांधून फिरवत होतो. लोक जमले. "काय पडलंय बे?" "अंगठी आसंल." "अंगठी न्हाई, बंदुकीतली पिन!" "बंदूक गटारात कावून धुतली?" चुंबकाला खिळे लागले, बाटलीची झाकणं लागली, एक चमचा लागला (तो शेजारच्या हॉटेलवाल्यानं ओळखून नेला). आणि आबा? आबा माझ्या गादीवर बसून चहात बिस्कीट बुडवत होते आणि मधूनमधून सांगत होते, "जरा पुढं बग. पान्याला लई जोर हुता."

इकडे दुकानात निराळाच तमाशा. मशीननं लोखंडावरचं तेलाचं बोटसुद्धा शिल्लक ठेवलं नव्हतं. उघडं, ओलं लोखंड! ते लगेच पुसून तेल लावायला हवं होतं, पण तेल लावणारा गटारात. मी परत आलो तोवर नक्षीवर तांबूस गंज फुलला होता. घाटनांदूरला माझे मामा शिलाई मशीन दुरुस्त करतात, त्यांनी दिलेली तेलाची बाटली दुकानात होती. ती सगळी ओतून, घासून, पुसून मी बंदूक जोडली. दिसायला झकास. चाप लोण्यासारखा. घोडा टकटक पडत होता. फक्त बंदूक नव्हती ती.

बोभाटा घरी आमच्या आधी पोचलेला होता. बायको दारातच म्हणाली, "मशीननं पिन खाल्ली म्हणं? मग मला बी बसवा एक डाव त्याच्यात, ह्या घरातून तरी सुटंन." आबा पारावर जाऊन बसले आणि येईल त्याला सांगायला लागले, "आमच्या चिरंजीवानं बंदुकीचा चष्मा केला." मी जेवलो नाही. चाळीस वर्षांत बापानं एक काम सांगितलं आणि ते मी गटारात ओतलं, हे डोक्यातून जाईना. रडूही आलं, खरं सांगतो.

बुधवारी सकाळी आई भाकरी थापत होती. आबा अंघोळीला गेलेले. आईनं परातीतून मान वर न करता हाक मारली.

"भाकर खा."

"भूक न्हाई."

"खा म्हन्ते. पिन गटारात न्हाई."

"मग कुठंय?"

"आपल्या हिरीत. बारा वर्सं झाली." आईनं भाकरी तव्यात टाकली. "तवा बांधाचं चाललं हुतं. हे रोज उठून बंदुकीला हात घालायचे. मी किती दिस आडवी पडनार? तुझ्या मामाला बोलावून घेतलं. हे बाजारला गेलते, तेवढ्यात त्यानं पेचकसानं काढली आन् हिरीत टाकली. तुला बी सांगितलं न्हाई. तवा तू बी ह्यांच्यासारखाच तापलेला हुतास."

मी भाकरी हातात धरून बसलो. म्हणजे बारा वर्षं आबा मांडवात दांडकं मिरवत होते! म्हणजे माझं मशीन निर्दोष होतं! "आई, मग चल की, सांग आबांना! काल दोन तास मी गटारात—"

"खबरदार!" आईनं लाटणं नव्हतं म्हणून उलथनं उगारलं. "ह्यांच्या काळजाला काय वाटंल? बायकूनं बंदूक आंधळी केली म्हनून? तुला माझी आन हाय. एवढं आंगावर घे माझ्यासाठी."

घेतलं. आई दुसरं काय मागते आपल्याकडे?

ठाण्यात साहेबांनी बंदूक उघडली, मिटली, घोडा ओढला, चाप दाबला. टक्! मग भोकाला डोळा लावून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "पिन कुठंय?"

आबांनी छाती पुढं काढली. आयुष्यात पहिल्यांदा सरकारी माणसासमोर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "ह्यो माझा ल्योक, सायेब. चष्म्याच्या मशीनमधी धुतली त्यानं. गेली वाहून."

हवालदार पाठ वळवून हसला. साहेब तोंडावर हसले. "चष्मा लावून तरी धुवायची!" बंदूक जमा झाली, परवाना रद्द झाला, कागदावर आबांनी सही केली. कारणाच्या रकान्यात माझं मशीन सरकारी अक्षरात कायमचं जाऊन बसलं. आबा रडतील म्हणून मी रुमाल काढून ठेवला होता. तो मलाच लागला.

परतताना घाटात आबा म्हणाले, "थांबीव." आम्ही कठड्यावर बसलो. खाली आमचं रान दिसत होतं, पलीकडे तात्यांचं.

"गटारात लई शोधलंस," आबा म्हणाले.

"मग? तुम्हीच म्हणत होता, पुढं बघ, पुढं बघ."

"न्हवतीच ती. मला ठाव हुतं."

मी वळून त्यांच्याकडे बघितलं. आबा रानाकडे बघतच बोलत होते.

"बारा वर्सांमागं त्या बांधावर गेलतो मी. तात्या पाठमोरा बसून मोटर बगत हुता. मी नळी रोखली त्याच्या पाठीवर. चाप ओढला." आबांनी बोट वाकवून दाखवलं. "नुसतं टक् झालं. मोटरीच्या आवाजात त्याला ऐकू बी आलं न्हाई. तसाच माघारी फिरलो. लिंबाखाली बसून बंदूक उघडली तर आत पिन न्हाई. तुझ्या आईचं काम. दुसऱ्या कुनाची छाती हाय?"

वाऱ्यानं त्यांचं धोतर फडफडत होतं. मी त्यांच्या हातांकडे बघत होतो. लहानपणी ह्याच हातांनी मला पोहायला शिकवलं होतं.

"हळदकुकू उगा लिंपत न्हवतो तिला," आबा म्हणाले. "उडली न्हाई म्हनून."

मी विचारलं, "मग माझ्या मशीनमध्ये कशाला आणलीत?"

"आता साहेबासमोर पिन कुठं गेली म्हनून सांगायचं? बायकूनं काढली म्हनू? का भावाला मारायला गेलतो म्हनू?" आबा उठले, धोतर झटकलं. "कुनीतरी हरवायला पायजे हुती. तुझं मशीन डोक्यात आलं. आन् तुझ्या आईला सांगू नको मला ठाव हाय म्हनून. बारा वर्सं ती बिचारी मला फसवून निवांत झोपती."

म्हणजे बाप माझ्या धंद्याकडे आला तो खापर फोडायला जागा बघत! आणि मी वेडा, घाट चढताना डोळे पुसत होतो. राग आला. इतका आला, की बंदूक जमा झालेली होती तेच बरं झालं.

आता आईचं गुपित माझ्याकडे, आबांचं गुपित माझ्याकडे, आणि बोभाटाही माझ्याच नावाचा. आई मला जास्तीचं तूप वाढते. आबा लग्नाला जात नाहीत. मी जातो. मला पाहून लोक बादलीसुद्धा हातात देत नाहीत, म्हणतात, "नको, कडी हरवंल."

परवा तात्या दुकानात आले. सत्तरी गाठलीय, पण खुटखुटीत आहेत. चष्मा काढून माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, "धू. पर आधी मोजून घे. दोन कानाचे, दोन काचंचे, चार स्क्रू हायत. आबाची बंदूक खाल्लीस, माझा चष्मा खाऊ नको."

"न्हाई तात्या."

"बारकी वस्तू आसती, पर ती गेली की मानूस कामातून जातंय बग. माझा भाऊ देवमानूस. दुसरा कुनी आसता तर तुला घराबाहेर काढलं आसतं. त्यानं मला बी तीन हात बांध हसत सोडला."

मी तोंड उघडलं. आईची आण आठवली, घाटातला कठडा आठवला, आणि तोंड मिटलं. चष्मा टाकीत सोडला, बटण दाबलं. तात्यांचा बारा महिन्यांचा मळ ढगासारखा वर आला. पुसून, वाळवून मी चष्मा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांवर चढवला, रस्ता बघितला, स्टँड बघितलं, मला बघितलं.

"वा! समदं लख्ख दिसतंय!" तात्या म्हणाले. मग चष्मा पुन्हा काढला, आणि एकेका स्क्रूवर नख ठेवत माझ्यासमोर मोठ्यानं मोजायला लागले. मीही त्यांच्याबरोबर मोजले. चार भरले, तेव्हा कुठं त्यांनी मला सोडलं.